पाहिजे: लवचिक बाई

बंगळुरातल्या बेळ्ळंदूरमध्ये घरून काम करायला कोणती कारणं चालतात, हे आता बऱ्यापैकी ठरून गेलंय. 2020 साली करोना चालला. सप्टेंबर 2022 मध्ये पाऊस चालला. तेव्हा आउटर रिंग रोडवरच्या इकोस्पेस या ऑफिस-संकुलात पाणी शिरलं, गलेलठ्ठ पगाराची मंडळी लॅपटॉपची सॅक छातीशी धरून ट्रॅक्टरमधून ऑफिसला निघाली, ते फोटो देशभर फिरले आणि मग कंपन्या म्हणाल्या, राहू द्या, घरूनच करा. तेव्हापासून जोराचा पाऊस आला, रस्ता उखडला, इब्लूर जंक्शनला गाड्या तुंबल्या, की 'आज घरून' असा निरोप येतो. सप्टेंबर 2025 मध्ये ब्लॅकबक कंपनीच्या प्रमुखांनी तर खड्ड्यांना आणि जाण्यायेण्यात मोडणाऱ्या वेळेला कंटाळून बेळ्ळंदूरच सोडत असल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी विप्रोला पत्र लिहून विचारलं, तुमच्या सर्जापूर रोडच्या आवारातून थोड्या गाड्या जाऊ द्याल का? विप्रोने नम्रपणे नाही म्हटलं. थोडक्यात, घरी बसून काम करायला मिळावं म्हणून इथे तलाव दारात यावा लागतो. घरात मूल आलं, एवढं पुरत नाही.

तरी मी आशावादी होते. आमच्या बेळ्ळंदूरच्या तलावाने जानेवारी 2018 मध्ये पेट घेतला होता आणि तो विझवायला लष्कराचे जवान आले होते. जिथे पाणी जळतं, तिथे एका टेस्टिंगवाल्या बाईला दिवसाचं चार-पाच तासांचं काम घरून मिळणं अगदीच अशक्य नसावं, असा माझा हिशेब. टेस्टिंग म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढणं. हे काम प्रत्येक घरात कुणी ना कुणी फुकट करतच असतं. मी त्याचा पगार घ्यायचे. शेवटची नोकरी कंत्राटी होती. कंत्राट आणि माझा आठवा महिना एकाच आठवड्यात संपले. मुदत वाढवायचा विषय निघाला तेव्हा मॅनेजर माझ्या पोटाकडे बघत म्हणाला, "आपण बाळंतपणानंतर बोलू." बाळंतपणानंतर त्याचा फोन लागेना.

"कायदा तुझ्या बाजूने आहे," नवरा म्हणाला. रात्री तीन वाजता बाळ रडत असलं की नवऱ्यांना कायदा आठवतो. पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. 1961च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली. 12 आठवड्यांची पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून 4 वेळा तिथे जाऊ द्यायला हवं, असंही त्यात आलं. आणि रजा संपल्यावर, काम त्या प्रकारचं असेल तर, परस्पर संमतीने घरून काम करता येईल, अशीही ओळ आली. प्रत्यक्षात संमती राहते बाजूला आणि निर्णय परस्पर होतो. 26 आठवडे म्हणजे बरोब्बर सहा महिने. डॉक्टर सांगतात सहा महिने फक्त अंगावरचं दूध. म्हणजे उष्टावणाला बाळाच्या तोंडात खिरीचं पहिलं बोट आणि आईच्या इनबॉक्समध्ये 'सोमवारपासून भेटू', हे एकाच मुहूर्तावर. शिवाय यातलं सगळं नोकरीत असलेल्या बाईसाठी. नोकरी शोधणाऱ्या बाईसाठी कायद्यात जागा नाही. रजेचा सगळा पगार मालकाच्या खिशातून जात असल्यामुळे मुलाखतीत बोटातली अंगठी बघून मनात बेरजा-वजाबाक्या करणारे मालकही कमी नाहीत.

हा खर्च कुणी करायचा, हा वाद जुना आहे. 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात गिरण्या-कारखान्यांतल्या बाळंतिणींच्या भत्त्याचं विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, असंही सांगून ठेवलं. दुसऱ्या वर्षी कायदा झाला. त्या काळी गिरणीतल्या बाईला घरून काम करण्याचा प्रश्नच नव्हता, साचा काही खोलीवर नेता येत नाही. तान्ह्या पोराने पाळीभर झोपून राहावं म्हणून कितीतरी आया त्याला अफू घातलेली बाळागोळी देत. हे वाचून आमच्या सोसायटीतल्या बायका हळहळतात आणि हळहळताना पोराच्या हातात गाणी लावलेला मोबाइल देतात. मीही देते. तेवढ्यात भात होतो.

तर मी जाहिराती वाचायला बसले.

'रिमोट' लिहिलेल्या जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात असतं, आठवड्यातून तीन दिवस व्हाइटफील्ड. 'हायब्रिड'मध्ये तीन दिवस ऑफिसात काम आणि उरलेले दोन दिवस ऑफिस आपल्या घरात. 'फ्लेक्सिबल टायमिंग'चा अर्थ मला एका एचआरवालीने फार प्रेमाने समजावून सांगितला. सकाळी भारतातल्या टीमबरोबर कॉल, दुपारनंतर लंडन, रात्री अमेरिका. मधल्या वेळात तुम्ही तुमचं काहीही करा. 'पार्ट टाइम' म्हणजे काम तेवढंच, पगार अर्धा. 'गृहिणींना सुवर्णसंधी' हा प्रकार वेगळा. त्यात टेलिग्रामवर एक मुलगी आपल्याला व्हिडिओ लाइक करायला सांगते, पहिल्या दिवशी खरोखर शे-दीडशे रुपये खात्यात येतात, तिसऱ्या दिवशी मोठ्या कामासाठी डिपॉझिट मागते आणि ते भरलं की ती मुलगी, तिचा ग्रुप आणि आपले पैसे एकदमच अंतर्धान पावतात. कॉलेजातली एक मैत्रीण तर किती वर्षांनी फोन करून गहिवरून म्हणाली, "अगं, तू स्वतःच्या बिझनेसचा विचार केलायस का?" बिझनेस बाळंतपणानंतर वजन उतरवण्याच्या पावडरचा होता. आधी मी ती विकत घेऊन प्यायची, बारीक व्हायचं आणि मग दुसरीला विकायची. दुकान मी, गिऱ्हाईकही मी आणि दुकानाबाहेर टांगलेला नमुनाही मीच.

इतक्या जाहिराती वाचल्यावर ध्यानात आलं, की लवचिकपणा यांना कामात नकोच आहे, बाईत हवा आहे. काम आहे तिथेच ताठ उभं राहणार. वाकायचं, वळायचं, मधूनच उठून परत बसायचं ते बाईने.

घरच्यांनी माझा प्रश्न याहून लवकर सोडवला. आई मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने अळिवाचे आणि डिंकाचे लाडू घेऊन आली, तीच सल्ला घेऊन. "अगं, शिकवण्या घे. गणित बरं होतं तुझं." आमच्या टॉवरमधल्या तिसरीतल्या मुलाला कोडिंग येतं, त्याला मी पाढे शिकवायचे? सासूबाईंना खाद्यपदार्थांत भविष्य दिसलं. "गणपतीत उकडीचे मोदक दे, होळीला पुरणपोळ्या. बंगळुरात मराठी माणसं कमी का आहेत?" माणसं आहेत, मोदकांना मागणीही आहे, पण ती वर्षातून दीड दिवस. आणि पुरणपोळीचं म्हणाल तर इथे कोपऱ्याकोपऱ्यावर तव्यावरची गरम होळिगे मिळते, वर तूप सोडून, नारळाची वेगळी आणि डाळीची वेगळी. ज्यांच्या आज्या-पणज्या होळिगे लाटत आल्या त्यांना सांगलीहून येऊन पुरणपोळी विकायला धाडस लागतं, आणि माझं धाडस तेव्हा अंघोळीला दहा मिनिटं काढण्यात खर्च होत होतं.

राहिला केक. आमच्या सोसायटीत मजल्यागणिक एक केकवाली आहे. एक बी.ई. मेकॅनिकल, सध्या सावरडो. एक एमबीए फायनान्स, सध्या नाचणीच्या कुकीज. एकीने एमटेकमध्ये मिळवलेलं सुवर्णपदक आणि तिचा डार्क चॉकलेट केक दोन्ही पाहिलेत. केक बरा असतो. यातल्या काहीजणी हौसेने करतात आणि उत्तम करतात, त्यांच्याबद्दल आदर आहे. पण एवढ्या इंजिनिअर बायकांना एकाच वेळी मैद्याची ओढ लागली, यामागे मैद्याचं कर्तृत्व कमी आणि आउटर रिंग रोडचं जास्त असावं, असा माझा संशय आहे. सोसायटीत आता केक खाणाऱ्यांपेक्षा करणाऱ्या जास्त झाल्यात. त्या एकमेकींच्या मुलांच्या वाढदिवसाला एकमेकींकडून केक घेतात आणि अर्थव्यवस्था चालू राहते.

एका ठिकाणी मुलाखतीपर्यंत मजल गेली. व्हिडिओ कॉल, दुपारी अडीचची वेळ, चिरंजीव तेव्हा हमखास झोपतात. मी कुकरला सुट्टी दिली. मिक्सरचं बटण बंद, पंखा कुरकुरतो म्हणून तोही बंद. दाराच्या बेलवर इंग्रजीत, हिंदीत आणि 'मगु मलगिदे' असं कन्नडमध्येही लिहून कागद चिकटवला, म्हणजे भाषेवरून वाद नको. वर फॉर्मल शर्ट, खाली बाळंतपणातला गाऊन. मुलाखत घेणारे गृहस्थ सज्जन वाटले. माझं पहिलं उत्तर त्यांना आवडलं. दुसरं मी देत होते तेवढ्यात गेटवरच्या सिक्युरिटीने इंटरकॉम वाजवला. डिलिव्हरीवाला बिचारा दारावरचा कागद वाचायला वर आलेलाच नव्हता. आतल्या खोलीत कॉलवर बसलेल्या नवऱ्याने, मला त्रास नको म्हणून, स्वतःपुरतं सँडविच मागवलं होतं.

बाळ उठलं. उठल्यावर जे करायचं ते त्याने मन लावून केलं. गंमत पुढे आहे. पाच मिनिटांपूर्वी त्या गृहस्थांची मुलगी त्यांच्या मांडीवर येऊन बसली होती, आणि पॅनेलवरच्या दोघी "सो क्यूट" म्हणून विरघळल्या होत्या. मीही विरघळले, नोकरी हवी होती. आता माझं पोर पडद्यावर आलं तेव्हा कुणी विरघळलं नाही. गृहस्थांनी मान किंचित कलती करून विचारलं, "कामाच्या वेळात बाळाकडे कोण बघेल?" त्यांच्या मुलीकडे कोण बघत होतं ते विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मांडीवर मूल घेतलेला पुरुष कुटुंबवत्सल दिसतो, बाई अडचणीत असल्यासारखी दिसते.

मार्च 2017 मध्ये बीबीसीवर दक्षिण कोरियातून रॉबर्ट केली नावाचे प्राध्यापक थेट मुलाखत देत होते. मागून त्यांची मुलगी नाचत आली, तिच्या मागून वॉकरमधलं बाळ आलं आणि सगळं जग हसलं. तो व्हिडिओ पुन्हा बघा. प्राध्यापक खुर्चीतून हलत नाहीत. घसरत, वाकत आत शिरून दोन्ही पोरांना ओढून नेणारी आणि जाताना जमिनीलगत हात लांब करून दार ओढून घेणारी बाई त्यांची बायको आहे. मुलाखत त्यांची, घाम तिचा.

आमच्या घरीही घरून काम चालतं, ते नवऱ्याचं. त्याला दुसरी बेडरूम, खुर्ची, दार आणि बाहेरचा आवाज मारणारा हेडफोन आहे. मला डायनिंग टेबलाचं टोक आहे, तेही जेवणाच्या वेळा सोडून. तो वाईट नाही. रविवारी तो बाळाला 'सांभाळतो', आणि सांभाळताना दर दहा मिनिटांनी त्याचं काहीतरी कुठे ठेवलंय ते मला विचारतो. सरकारने लोकांच्या दिवसाची पाहणी केली त्यात 2019 साली घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्याला दिवसाची 299 मिनिटं देत होत्या आणि ते करणारे पुरुष 97. 2024च्या पाहणीत बायकांची मिनिटं 289 झाली. आनंद झाला. दहा मिनिटं वाचली म्हणजे ती पुरुषांनी उचलली असणार म्हणून मी शेजारचा आकडा पाहिला, तर त्यांची मिनिटं 88 वर आली होती. बायकांची दहा कमी, पुरुषांची नऊ कमी. मधली कामं कुणी केली कोण जाणे. बहुधा ती पडूनच आहेत. माझ्याकडच्या खुर्चीवरच्या कपड्यांचा ढीग पाहून तसं वाटतं.

2023 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी याचा उलगडा केलाय. काही नोकऱ्या हावऱ्या असतात. रात्री-अपरात्री, सुट्टीत, केव्हाही हजर असणाऱ्याला त्या तासामागे जास्त पैसे मोजतात. मग घरात एकाने हावरी नोकरी धरली की दुसऱ्याला लवचिक होण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि दुसरा कोण हे पाळण्याजवळ ठरतं. आपल्याकडे ही हाव उघड बोलली जाते. ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं, असं सुचवलं. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीच्या सुब्रह्मण्यन यांच्या तोंडचा 90 हा आकडा बाहेर आला. आमच्या चिरंजीवांनी बोली 168 ला नेली आणि लिलाव बंद केला.

त्या मुलाखतीनंतर नकाराची मेल आली त्यात कंपनीला मातृत्वाचा किती आदर आहे ते आधी दोन ओळी होतं. मला हिरकणी आठवली. दूध घालायला रायगडावर गेली, तिन्हीसांजेला गडाचे दरवाजे बंद झाले, खाली घरी तान्हं मूल, म्हणून अंधारात कडा उतरून गेली. शिवाजी महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. महाराष्ट्रात एसटी स्टँडवर बाळाला पाजायच्या खोलीला तिचंच नाव आहे. दरवाजाची वेळ मात्र त्या कथेत बदलत नाही. महाराजांचं समजू शकतं. समोर गनीम होता, सूर्यास्ताला दरवाजा लावणं भागच होतं. बेळ्ळंदूरच्या काचेच्या इमारतींवर कोण चाल करून येणार आहे? आठ मार्चला गुलाबाचं फूल आणि कपकेक वाटतात (कपकेक आमच्याच सोसायटीतून जातात), आणि नऊ मार्चला बायका पुन्हा कडा उतरायला लागतात.

शेवटी मिळालं ते रात्रीचं तुकड्यावरचं काम. एका ठिकाणी विनाचालक गाड्यांना शहाणं करण्यासाठी फोटोंवर चौकटी आखायच्या होत्या. एका हातात दूध पिणारं बाळ, दुसऱ्या हातात माउस. फोटो अमेरिकेतल्या कुठल्याशा गावाचे. माणूस दिसला की त्याच्याभोवती चौकट, सायकल दिसली की चौकट, सिग्नलला चौकट. पैसे चौकटीवर. पण त्या रस्त्यांवर माणसंच नसायची! लांबच लांब मोकळा रस्ता, सरळ पट्टे, एखादं झाड. कमाई होणार कशी? उलट्या बाजूने येणारी स्कूटर नाही, फुटपाथवरून जाणारी बाइक नाही, गाय नाही, पाण्याचा टँकर नाही, मेट्रोच्या खांबाखाली झोपलेलं कुत्रं नाही. मला त्यांनी सकाळी नऊचा इब्लूर जंक्शनचा एक फोटो, एकच, आखायला दिला असता, तर आमच्या बाळाचं इंजिनिअरिंगपर्यंतचं शिक्षण निघालं असतं. आणि गाडीलाही खरी अक्कल आली असती. किंवा तिने राजीनामा दिला असता.

दुसरं काम माझ्या पेशातलं होतं. ॲप तपासायचं, चूक सापडली की चुकीमागे पैसे. मध्यरात्री, बाळाला थोपटता थोपटता, मला एक नामी चूक सापडली. कार्टमधून वस्तू काढली की एकूण रक्कम वाढत होती. आनंदाने रिपोर्ट पाठवला. सकाळी उत्तर आलं, 'डुप्लिकेट'. जगात कुठेतरी कुणीतरी तीच चूक माझ्याआधी काही मिनिटं कळवली होती. बाईच असणार, त्या वेळी दुसरं कोण जागं असतं? पैसे शून्य. रिपोर्ट मात्र त्यांच्याकडेच राहिला.

सोलापूरकडे घरी विड्या वळणाऱ्या बायकांना हे ऐकून नवल वाटायचं नाही. वळून नेलेल्या विड्यांतल्या काही 'छाट' म्हणून बाजूला काढायच्या, त्यांचे पैसे द्यायचे नाहीत आणि विड्याही परत करायच्या नाहीत, हा त्या धंद्यातला जुना रिवाज. फरक एवढाच, की 1966च्या विडी आणि सिगार कामगारांच्या कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. रात्री दोन वाजता चौकटी आखणाऱ्या बाईला मात्र ॲप 'पार्टनर' म्हणतं. नफ्यात भागीदारी मागितली तर मेल परत येते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या अक्का आळंद तालुक्यातल्या, थोडं मराठी बोलतात. त्यांची पद्धत मी बारकाईने पाहते. फरशीचे इतके, भांड्यांचे इतके, बाथरूम वेगळं, पाहुणे आले तर पाहुणे वेगळे. येण्याची वेळ त्या ठरवतात. उगादीला गावी जायचं तर विचारत नाहीत, सांगतात. काम झालं की चपला घालतात. मी खुश आहे की नाही हे बघायला थांबत नाहीत. माझी शोधाशोध बघून एकदा म्हणाल्या, "ताई, तुम्ही कामाला लागा, बाळाला मी बघते. रेट बोलू." त्यांनी सांगितलेला रेट माझ्या चौकटींपेक्षा जास्त होता. त्यांची स्वतःची मुलगी गावी आजीकडे आहे. तिला दिवसभर बघण्याचा रेट कुणी धरलेला नाही.

ही सगळी पायपीट करून मी मनाने जिथे पोचले ते ठिकाण मुंबईत गिरगावात आहे. 15 मार्च 1959 रोजी लोहाणा निवास इमारतीच्या गच्चीवर 7 बायका 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या. पहिल्या दिवशी 4 पाकिटं झाली. त्या सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली, आणि तिथून उभ्या राहिलेल्या लिज्जतच्या लाटणाऱ्या बहिणी आज 45 हजारांच्या वर आहेत. लाटणं जगाला माहीत आहे, मला त्यामागची व्यवस्था महत्त्वाची वाटते. बाई सकाळी शाखेत जाते, कालचे वाळलेले पापड वजन करून देते, वणाई म्हणजे लाटण्याची मजुरी घेते, आजचं मळलेलं पीठ घेते आणि घरी येते. घर स्वच्छ आहे का आणि पापड वाळायला जागा आहे का, हे आधी बघून जातात. बस्स. पापड सकाळी अकराला लाटला की रात्री अकराला, मधे पोर रडलं का, तीनदा उठावं लागलं का, याची चौकशी नाही. पापडाचं वजन, जाडी आणि गोलाई बघतात, बाईच्या चेहऱ्यावरचा उत्साह बघत नाहीत. शिवाय त्या नोकर नाहीत, संस्थेत भागीदार आहेत. पार्टनर म्हणायचं तर तिथे म्हणावं.

आणि आमच्याकडे? ज्या धंद्यात माल तारेतून जातो, वाळत घालावा लागत नाही, पावसात भिजत नाही, त्या धंद्यात बाईच्या नावापुढचा हिरवा ठिपका बघतात. पाच मिनिटं माउस हलला नाही की ठिपका पिवळा. लंगोट बदलायला किती वेळ लागतो हे त्या ठिपक्याला कुणी शिकवलेलं नाही. मी मध्यंतरी पाळण्याची दोरी माउसला बांधून बघण्याचा विचार केला होता, पाळणाही हलेल आणि ठिपकाही हिरवा राहील. पण अमेरिकेतल्या एका बँकेने 2024 साली कीबोर्ड चालू असल्याचा नुसता देखावा केला म्हणून डझनावर माणसं कामावरून काढली, हे वाचलं आणि दोरी सोडून दिली.

चांगली उदाहरणं नाहीत असं नाही. टाटा समूहाने 2008 सालीच मधे नोकरी सोडलेल्या बायकांना परत घेण्याचा कार्यक्रम सुरू केला, त्यानंतर इतरांनीही केले. पण परत येण्याचा तो जिना बहुतेक वेळा ऑफिसच्या लॉबीतच उघडतो, आणि मला तूर्तास माझ्या हॉलमध्ये उघडणारा हवाय.

तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या हातात माणसं घ्यायचं असेल, तर ही छोटी जाहिरात समजा. टेस्टिंगचा बरा अनुभव असलेली बाई, मुक्काम बेळ्ळंदूर, वीज आणि इंटरनेट स्वतःचं. काम मोजून द्या, झाल्यावर मोजून घ्या, खराब असेल तर तोंडावर सांगा. तुकड्याचा भाव आधी ठरवू, 'डुप्लिकेट' चालणार नाही. हिरवा ठिपका दिसेल याची हमी नाही. ठरलेल्या दिवशी काम पोचेल याची आहे. फोन दुपारी अडीच ते साडेतीनमध्ये करा. त्यानंतर केलात तर चिरंजीव उचलतील, आणि त्यांच्या अटी माझ्यापेक्षा कडक आहेत.